डिस्ट्रिब्युटरला इरलं घाला, बरणीत कोंडू नका

मेढ्याच्या एका गुरुजींनी विचारलंय, ते थोडक्यात असं. १९९५ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, वडिलांच्या हातची. पावसाळा लागला की सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, पण गाडी पेटत नाही. दहा-अकराला ऊन डोकावलं की एका सेल्फात सुरू. सुरू झाली की सपाटीला ठीक, पण केळघर घाटात चढाला मिसिंग, म्हणजे मध्येच ठिणगी चुकून इंजिन आचके देतं. एका मेकॅनिकनं डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीनं करंट वाटणाऱ्या भागाच्या, कॅपभोवती आणि वायरींच्या मुळाशी काळं सिलिकॉन भरून दिलं. पंधरा दिवस गाडी सुरेख चालली, आता आधीपेक्षा वाईट. कॅप उघडली तर आत हिरवट-पांढरी भुकटी. गुरुजी विचारतात, याहून पक्कं सील करणारं काही मिळतं का?

मिळतं, गुरुजी. पण लावू नका. आहे तेही आधी काढायचंय.

साताऱ्यात मी गेली बत्तीस वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकल करतोय. आता डिस्ट्रिब्युटरवाल्या गाड्या महिन्याला दोन-चार येतात. पण एक काळ असा होता की जून-जुलैत सकाळी शटर वर करायच्या आत दारात ओढून आणलेल्या पद्मिनी, अँबेसेडर, ८०० आणि ओम्नींची रांग लागलेली असायची. त्या रांगेतच हे काम शिकलो. आणि तुमच्या मेकॅनिकला मी नावं ठेवणार नाही, कारण त्यानं जे केलं तेच मी पंचविशीत केलंय.

महाबळेश्वरच्या एका डॉक्टरांची पद्मिनी होती. तिथं वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात, आणि पाऊस थांबला की धुकं. गाडी दर आठवड्याला बंद. मी म्हटलं, पाणी आत शिरतंय ना, मग वाटच बुजवू. कॅपची कड, वायरींची तोंडं, बॉडीच्या बुडाशी एक बारीक भोक होतं तेसुद्धा, सगळीकडे सिलिकॉन. डॉक्टर खूश, मीही खूश. तीन आठवड्यांनी गाडी टेम्पोमागं दोर लावून परत. कॅप काढली तर नाकात झोंबणारा आंबूस वास, आतून घाम सुटलेला, टोकांवर हिरवा थर, पॉइंटच्या, म्हणजे कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांच्या, स्प्रिंगवर गंज. उस्तादांनी कॅप हातात घेतली, दारातल्या उजेडात फिरवून बघितली आणि म्हणाले, "लोणचं घातलंस व्हय रं?"

ते शब्दशः खरं होतं, हे मला फार नंतर कळलं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं साधं सिलिकॉन वाळताना व्हिनेगरचा वास येतो ना, ते ॲसेटिक ॲसिडच असतं. म्हणजे लोणच्यातलं व्हिनेगर. तांब्या-पितळेवर ते बसलं की हिरवा कळंक धरतो. बंद कॅपमध्ये ती वाफ जाणार कुठं? तुमच्या भुकटीतला हिरवा भाग बहुधा तिथूनच आला. पांढऱ्याची गोष्ट वेगळी आहे, आणि तीच या सगळ्याचं मूळ आहे.

कॅपच्या आत काय चालतं ते बघा. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमधून पंधरा-पंचवीस हजार व्होल्ट होऊन मधल्या वायरीनं कॅपमध्ये उतरतात. तिथून कार्बनच्या काडीवाटे रोटरवर. रोटर फिरतो, पण कॅपमधल्या टोकांना चिकटत नाही, मध्ये केसभर फट असते आणि करंट ती फट उडी मारून पार करतो. म्हणजे प्लगवर पडायच्या आधी एक ठिणगी कॅपच्या आत पडतेच. तुमच्या तीन सिलिंडरच्या इंजिनाचे ३००० फेरे धरले तर मिनिटाला ४५०० ठिणग्या, सेकंदाला ७५. प्रत्येक ठिणगी आतली हवा थोडी थोडी जाळते. त्यातून ओझोन होतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड होतात. वीज पडल्यावर हवेला जो वास येतो त्याच जातीचं हे प्रकरण. हे वायू कोरड्या हवेत निघून गेले तर काही बिघडत नाही. आत दमट हवा कोंडलेली असेल तर नायट्रोजनच्या ऑक्साइडला पाणी मिळतं आणि नायट्रिक ॲसिड तयार होतं. थेंबभरसुद्धा नाही, ओलसर पापुद्रा. पण ॲल्युमिनियमच्या टोकांवर पांढरी भुकटी आणायला तेवढं पुरतं. हल्लीच्या स्वस्त कॅपांत टोकं ॲल्युमिनियमची असतात, जुन्या चांगल्यांत पितळेची. मिळाली तर पितळेचीच घ्या.

म्हणून डिस्ट्रिब्युटर बनवणाऱ्यानं त्याला श्वास घ्यायला जागा ठेवलेली असते. कुठं बॉडीच्या खालच्या अंगाला भोक, कुठं कॅपच्या कडेला खाच. ती चुकून राहिलेली नसते. लष्कराच्या जुन्या विलीज जीपा, त्यातली एम-३८, नदीच्या पाण्यातून जायच्या म्हणून त्यांचा डिस्ट्रिब्युटर खरोखर जलरोधक केलेला होता. पण त्यालाही हवा खेळवायला वेगळ्या नळ्या दिलेल्या होत्या. सैन्याला जे साधं बंद करून चालवता आलं नाही, ते आपण शंभर रुपयांच्या ट्यूबनं कसं चालवणार?

बरं, सिलिकॉन लावूनसुद्धा खरं सील होत नाहीच. डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचं खालचं टोक इंजिनात असतं, शाफ्ट ज्यात फिरतो त्या बुशातून वाफ आत येतेच. शिवाय दिवसभर तापलेलं इंजिन रात्री निवलं की आतली हवा आकसते आणि जिथून मिळेल तिथून बाहेरची दमट हवा ओढून घेते. पहाटे जावळीत गारवा पडला की तिचं दव कॅपच्या आतल्या बाजूला. बाहेर वाट असेल तर इंजिन तापल्यावर हे दव बाहेर पडतं. तुम्ही वाट बुजवलीत, ते आतच राहिलं. बाहेरून एक थेंब न जाता तुमची गाडी सकाळी ओली असते, ती अशी.

तुमच्या भागात भातलावणीला अजून कुठं कुठं इरलं दिसतं. वरून पाणी निथळतं, खालून उघडं असतं, आतल्या माणसाला घाम येत नाही. प्लास्टिकचा रेनकोट गळ्यापर्यंत बंद करून चिखलात वाका, दहा मिनिटांत आतून भिजाल. डिस्ट्रिब्युटरला इरलं लागतं. ते कसं करायचं ते पुढं सांगतो, आधी घाणीचं बोलू, कारण घाण नसली तर नुसतं पाणी निम्मं निरुपद्रवी आहे.

हे अनेकांना पटत नाही. नुसतं स्वच्छ पाणी वीज फारशी नेत नाही. नेते ती पाण्यात विरघळलेली घाण. कोरडी धूळ कॅपवर बसली तर गाडी चालते, स्वच्छ कॅपवर थोडं धुकं बसलं तरी बऱ्याचदा चालते. दोन्ही एकत्र आलं की चिखलाचा पातळ रस्ता होतो आणि पंचवीस हजार व्होल्ट त्या रस्त्यानं बॉडीला उतरतात. आपल्याकडं तर धुळीचे प्रकार मोजावेत इतके. कास-यवतेश्वरच्या बाजूला जांभ्याची तांबडी माती, पिठासारखी, बॉनेटच्या कोपऱ्यापर्यंत पोचते. खाली कऱ्हाड, इस्लामपूर, सांगलीकडं उसाचं पाचट पेटवल्यावरची काजळी. काजळी म्हणजे कार्बन, ती तर कोरडीसुद्धा करंट नेते. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या आडतीवर एक ओम्नी होती, तिची कॅप काढली की आतला रंग बघून गिऱ्हाईक ओळखता यायचं. घाण साठते नोव्हेंबर ते मे, आणि गाडी बंद पडते जूनमध्ये. माणूस पावसाला शिव्या देतो.

म्हणून माझ्या ओळखीच्या जुन्या गाडीवाल्यांना मी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कॅप काढायला लावतो. वळवाचा एक पाऊस पडून गेला की लगेच.

आता निदान. चढाला मिसिंग आणि सपाटीला ठीक, हे तुम्ही लिहिलंत ते फार उपयोगाचं आहे. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त हवा-पेट्रोल भरतं, दाब वाढतो आणि त्या दाबात प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. व्होल्टेज वाढलं की करंटही दुसरी सोपी वाट शोधतो, ओली वायर, तडकलेली कॅप, काय मिळेल ते. मेढ्याच्या बाजारात गाडी गुणी बाळासारखी उभी राहते आणि घाटात आचके देते, त्याचं कारण हे. कार्ब्युरेटर साफ करून पैसे घालवू नका.

रात्री एक प्रयोग करा. बॉनेट उघडून गाडी सुरू ठेवा, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून. अंगणातला दिवा बंद. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घ्या, अगदी बारीक फवारा करा आणि हातभर लांबून प्लगच्या वायरींवर, मग कॅपवर, मग कॉइलवर मारा. एकेका जागी, थांबून थांबून. जिथं गळती असेल तिथं निळ्या रंगाचा बारीक किडा वळवळताना दिसेल आणि टिकटिक असा आवाज येईल. पूर्ण अंधार असेल तर वायरभर फिकट निळी झळाळीसुद्धा दिसते. वायरीला हात लावू नका. तो झटका सहसा जीव घेत नाही, पण हात झटकून फॅनमध्ये गेला तर बोट जातं, आणि ज्यांच्या हृदयाला पेसमेकर बसवलाय त्यांनी तर या बाजूला उभंच राहू नये. पेट्रोल कुठं ठिबकत असेल तर हा प्रयोग त्या दिवशी करूच नका.

किडा वायरीवर दिसला तर वायर बदला. कॅपवर दिसला तर कॅप काढा, क्लिपा असतील तर क्लिपा, स्क्रू असतील तर स्क्रू. वायरी उपसायच्या आधी प्रत्येकीला कागदी टेप लावून आकडा घाला. ८०० चा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-२ आहे, पद्मिनी-अँबेसेडरचा १-३-४-२, पण आकडा घातला की हे पाठ करायची गरज राहत नाही. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या "अचानक बंद पडलेल्या" गाड्या घरी साफसफाई करून उलट्या वायरी लावलेल्या असतात.

कॅप आतून बघा. चष्म्याची काच पुसताना आपण तोंडानं हाऽ करून वाफ सोडतो, तशी कॅपमध्ये सोडा आणि तिरप्या उजेडात धरा. वाफ धरलेल्या जागी तडा असेल तर दोऱ्यासारखी रेघ उमटते, एरवी दिसत नाही. त्याहून महत्त्वाचं, दोन टोकांच्या मध्ये किंवा टोकापासून कडेपर्यंत पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ शोधा. झाडाच्या मुळीसारखे तिला फाटे असतात. करंट एकदा का त्या वाटेनं गेला की खालचं बेकलाइट किंवा प्लास्टिक जळून त्याचा कोळसा होतो, आणि कोळसा करंट नेतो, म्हणून पुढचा करंट तिथूनच. पायवाट पडल्यासारखं. ही रेघ पुसून जात नाही. कोरडी केली तरी गाडी पुन्हा तिथंच फसते. अशी कॅप टाकायची. रस्त्यात अडकलात, दुसरी कॅप नाही, तर ब्लेडच्या टोकानं रेघ खरवडून काढा, धूळ फुंका, आणि गाडीत कुणाकडं असेल तर त्यावर नेलपॉलिशचा हात द्या, पूर्ण वाळू द्या. घरी पोचाल. माझ्या एका गिऱ्हाइकानं तेवढ्यावर दिवाळी काढली, पण ते त्याचं नशीब.

रोटर उलटा करून बघा. वरच्या पितळी पट्टीखाली, शाफ्टवर बसतो त्या खळग्यात, टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसला तर करंट रोटर भेदून थेट शाफ्टला जातोय. अशी गाडी कोरड्या मे महिन्यातही बंद पडते आणि लोक कॉइल बदलत बसतात. कॅपच्या मधली कार्बनची काडी बोटानं दाबून सोडा, स्प्रिंगवर परत यायला हवी. वायरी मीटरवर धरा. कार्बनच्या गाभ्याच्या वायरीला मीटरभराला साधारण दहा-वीस हजार ओहम येतात. मीटर काहीच दाखवत नसेल तर आत तुटलीय.

पुसायला स्वच्छ सुती फडकं आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल. पेट्रोलनं पुसू नका. आमच्याकडं एका पोऱ्यानं पेट्रोलचा बोळा फिरवून लगेच कॅप लावली आणि सेल्फ मारला. आतल्या वाफेला ठिणगी मिळाली, फट् झालं आणि कॅपचा तुकडा बॉनेटला आपटून खाली आला. डोळा वाचला. अल्कोहोललाही हेच लागू, उडून जायला दहा मिनिटं द्या. डब्ल्यूडी-४० बद्दल सगळे विचारतात. त्याच्या नावाचाच अर्थ पाणी हटवणारं, चाळिसावा प्रयोग असा आहे, १९५३ च्या सुमारास अमेरिकेत क्षेपणास्त्रांचा पत्रा गंजू नये म्हणून ते केलं गेलं. भिजून बंद पडलेली गाडी रस्त्यावर सुरू करायला ते उत्तम. पण मारून पुसून घ्या, वाफ जाऊ द्या, आणि तसंच ओलं ठेवून महिनाभर फिरू नका, त्याच्या तेलकट थरावर धूळ चिकटते.

पॉइंट आहेत की त्यांच्याऐवजी तेच काम करणारी पिकअप कॉइल, हे रोटरखालचं झाकण काढल्यावर कळेल. पॉइंट असतील तर फिलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, गॅप बघा, बहुतेक गाड्यांना ०.४ मिलिमीटरच्या आसपास. हॅक्सॉच्या ब्लेडनं मोजायची आपल्याकडं रीत आहे, ती प्लगला कशीबशी चालते, पॉइंटला ते माप जाड पडतं. आणि कॅमवर ग्रीस मुगाच्या दाण्याएवढं, जास्त नाही. जास्त ग्रीस उन्हाळ्यात पातळ होऊन पॉइंटवर उडतं, जळतं, काळं होतं. पॉइंट काळे-निळे दिसले की आधी तेल-ग्रीसवर संशय घ्या.

तेलाचं तुमच्या गाडीत विशेष बघायला हवं. ८०० चा डिस्ट्रिब्युटर हेडच्या टोकाला आडवा बसतो आणि त्याच्या गिअरभोवती तेल असतं. बाहेरची ओ-रिंग गेली तर तेल बाहेर ओघळतं, ते दिसतं तरी. आतलं ऑइल सील गेलं तर तेल कॅपमध्ये येतं आणि तुम्हाला कॅप उघडेपर्यंत पत्ता नसतो. कॅप काढल्यावर खालच्या कडेला चहाच्या कपात राहतो तसा तपकिरी गाळ दिसला तर सील बदला. आणि सील बदलायच्या आधी इंजिनाचा ब्रीदरचा, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणारा, पाइप काढून फुंकून बघा. तो मळीनं तुंबला असेल तर क्रँककेसमधला दाब वाट शोधतो आणि नवं सीलसुद्धा सहा महिन्यांत तेल सोडतं. चांगले चांगले मेकॅनिक सील बदलत राहतात आणि चिखलानं भरलेला दोनशे रुपयांचा पाइप तसाच. शाफ्ट दोन बोटांनी बाजूला हलवून बघा. खटखट वाजत असेल तर बुश गेलंय, गॅप कधीच टिकणार नाही, आणि तिथूनही तेल येणार. डिस्ट्रिब्युटरला जोडलेली व्हॅक्यूमची नळी तोंडानं ओढून जिभेनं बंद करा, ओढ टिकायला हवी. तिच्या टोकाच्या डबीतला पडदा फाटला असेल तर इंजिन डिस्ट्रिब्युटरमधून हवा ओढतं आणि त्या हवेबरोबर धूळ.

आता तुमचं सिलिकॉन. बोटाच्या नखानं किंवा जुन्या प्लास्टिकच्या कार्डानं सोलून काढा. कॅपच्या आत ब्लेड लावू नका, ओरखड्यात घाण बसते. बॉडीचं भोक खराट्याच्या काडीनं मोकळं करा, आणि ते खालच्या बाजूलाच येतंय ना ते बघा. भुकटी धरलेली कॅप आणि रोटर मी तुमच्या जागी वापरणार नाही, दोन्ही नवे घ्या. कॅप आणि बॉडीच्या मधलं मूळचं रबर असेल तर ते बदला. ते हवंच, सिलिकॉन त्याच्या जागी आलं तर नको.

नव्या वायरी बसवताना बुटाच्या, म्हणजे वायरीच्या रबरी टोपणाच्या आत सिलिकॉन ग्रीसचं एक बोट फिरवा. हे ट्यूबमधलं वाळणारं सिलिकॉन नव्हे, पारदर्शक मऊ ग्रीस, नीट विचारून घ्या. रबराच्या आतल्या भिंतीला लावायचं, धातूच्या टोकाला नाही. यानं पाणी बुटात चढत नाही, आणि पुढच्या वर्षी वायर उपसताना बूट फाटत नाही. कॅपच्या बाहेरच्या पृष्ठाला सिलिकॉनचा स्प्रे मारून पुसलात तर पाणी पसरत नाही, अळूच्या पानावरच्यासारखे थेंब होऊन घरंगळतं. पसरलं नाही म्हणजे रस्ता होत नाही.

आणि इरलं. जाड रबरी हातमोजा घ्या, भांडी घासायला मिळतो तसला, पण त्यातला जाड. बोटांची टोकं बारीक कापा, एकेका बोटातून एकेक वायर ओवा आणि मोजा कॅपवर टोपीसारखा ओढा. मनगटाकडची बाजू मोकळी, कॅपच्या कडेखाली दोन बोटं लोंबती ठेवा, आवळून बांधू नका. पद्मिनीला चार प्लगच्या आणि एक कॉइलची अशा पाच वायरी, म्हणजे मोजा तिच्यासाठीच शिवल्यासारखा. तुमच्या गाडीला चारच, तेव्हा एक बोट उरेल. ते करंगळीचं धरा आणि दोऱ्यानं गाठ मारून टाका. तुमचा डिस्ट्रिब्युटर आडवा आहे, म्हणून मोज्याची मोकळी बाजू थोडी खाली झुकती राहील अशी ओढा, नाहीतर तेच पन्हाळ होईल. एक्झॉस्टपासून लांब. उन्हाळ्यात काढून ठेवा, रबर तसंही वर्षभरात चिरतं. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून कॅपच्या वरच्या अंगाला छपरासारखा बांधला तरी चालतं, दिसायला मोज्यापेक्षा बरं.

पाणी येतं कुठून तेही बघा. इंजिनाखालचं प्लास्टिकचं गार्ड आणि चाकांच्या आतली मडगार्डं जुन्या ८०० ला क्वचितच शाबूत असतात. पुढच्या चाकानं उडवलेलं पाणी मग थेट वर. डबक्यातून पहिल्या गिअरमध्ये हळू जा, लाट उडवत नाही. सर्व्हिसिंगला गाडी धुवायला दिलीत तर कॅपवर प्लास्टिकची पिशवी बांधा आणि प्रेशरचा पाइप इंजिनावर मारू नका असं तोंडानं सांगा. धुऊन झाल्यावर ती पिशवी काढा. पिशवी विसरून महिनाभर फिरलेली गाडी मी बघितलीय, आतून तिचंही लोणचं.

गाडी गोठ्याला लागून लावत असाल तर हलवा. गोमूत्रातून अमोनिया सुटतो, तो पितळ-तांब्याचा वैरी, टोकं आणि वायरींचे लग निळे-हिरवे करतो. शिवाय पेंढ्यात उंदीर, आणि उंदरांना वायरीचं रबर का आवडतं देव जाणे. जमिनीला टेकेल असं प्लास्टिकचं आच्छादन नको, खालची ओल वर चढून बॉनेटमध्ये घाम धरतो. आणि पावसाळ्यात रोज दोन मिनिटं सुरू करून बंद करायची सवय असेल तर ती सोडा. दोन मिनिटांत इंजिन कोमट होतं, वाफ तयार होते, बाहेर पडत नाही. आठवड्यातून एकदा काढा, पण वीस-पंचवीस मिनिटं चालवा.

पुरात बुडालेली गाडी हा वेगळा विषय, पण विचारणारे येतात म्हणून चार ओळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी तिथं ४५ फूट. पाणी ओसरल्यावर सांगलीहून एक ओम्नी माझ्याकडं आली. मालकानं कॅप काढून उन्हात वाळवली होती आणि समाधान मानलं होतं. मी रोटरखालचं झाकण काढलं तर आत मळईचा गाळ, बारीक, रेशमासारखा, वाळून पॉइंटच्या प्लेटला चिकटलेला. इंजिनाच्या वेगाप्रमाणं ठिणगी लवकर पाडणारी ॲडव्हान्सची वजनं जाम. तशीच सुरू केली असती तर बुश आठवड्यात खाल्लं असतं. अशा वेळी डिस्ट्रिब्युटर पुरता उतरवून, जागेची खूण करून, उघडून धुवावा लागतो, कंडेन्सर बदलावाच लागतो. आणि त्याआधी इंजिनाचं तेल, कारण गाळ तिथंही असतो.

तुमच्या गाडीला एवढं लागणार नाही. कॅप, रोटर, तीन प्लगच्या आणि एक कॉइलची वायर, सील लागलं तर सील, रबरी मोजा. काम अर्ध्या दिवसाचं. झालं की त्याच रात्री पुन्हा फवाऱ्याची बाटली घेऊन अंगणात उभे राहा. कुठंच निळा किडा दिसला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यातच केळघर घाट चढवा. वर पोचेपर्यंत एकही आचका आला, तर काढलेली जुनी कॅप फेकली नसेल ती आणि गाडी, दोन्ही घेऊन या. कॅप मला गाडीपेक्षा जास्त सांगते.